टरफलांवर चाललेलं इंजिन

येत्या दसऱ्यापासून मुळशी तालुक्यातल्या एकाही इंजिनाला डिझेल लागणार नाही, असं मी जाहीर केलं तेव्हा माझ्या स्कूटरमध्ये पेट्रोल नव्हतं. हे मला घोषणेनंतर पाचच मिनिटांनी कळलं. घोषणा कासार आंबोलीत आमच्या प्लॉटशेजारच्या अण्णासाहेबांच्या व्हरांड्यात झाली होती, श्रोते सहा होते, आणि त्या सहाही जणांनी गेटपाशी उभं राहून मला स्कूटर ढकलत पिरंगुटच्या पंपाकडे जाताना पाहिलं. अण्णासाहेब म्हणाले, "दिवेकर, थोडं करंजाचं तेल घालून बघा की." मी हसलो नाही. शास्त्रज्ञाच्या आयुष्यात असे प्रसंग यायचेच.

शास्त्रज्ञ म्हणजे तसा मी पिरंगुटच्या एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट. पत्र्याच्या तुकड्यावर रंग लावायचा आणि तो किती वेळात वाळतो ते बघत बसायचं, हे माझं काम. एकोणीस वर्षं रंग वाळताना बघितलेल्या माणसाच्या आत काय खदखदत असतं ते इतरांना कळायचं नाही. मला घरी खुर्चीत बसवत नाही. पेपर मी उभ्याने वाचतो. त्यात ते २००७ साल. पेपर उघडला की बायोडिझेल. करंज लावा, मोगली एरंड लावा, बांधावर लावा, रेल्वेच्या कडेला लावा. आणि आमच्या प्लॉटमागच्या ओढ्याला करंजाची चौदा झाडं नुसती उभी.

प्लॉट म्हणजे कासार आंबोलीतले आमचे पाच गुंठे, त्यावर एक पत्र्याची शेड. राहायला आम्ही कोथरूडला. माझी बायको उषा बँकेत आहे आणि तिला तो प्लॉट विकायचा होता. तिचं म्हणणं, अकरा वर्षं आपण दर रविवारी तिथे जातो, गवत काढतो, कंबर धरून परत येतो, आणि पुढच्या रविवारपर्यंत गवत परत येतं. शेखर नावाचा एक प्लॉटिंगवाला पांढरे बूट घालून दोनदा घरी येऊनही गेला होता. माझ्यासाठी मात्र ती शेड म्हणजे जगातली एकच जागा होती जिथे मला कोणी रंग वाळला का विचारत नव्हतं.

तेव्हा उषाने अट घातली. "दसऱ्याच्या आधी नथूचं इंजिन तुमच्या तेलावर एक तास चाललं, सलग, घड्याळ लावून, तर मी प्लॉटचं नाव काढणार नाही. नाही चाललं तर दसऱ्याला शेखरला शब्द द्यायचा." बायको बँकेत असली की सलग, घड्याळ लावून, असे शब्द येतात. मी म्हटलं, एक का, दोन तास चालवतो. ती म्हणाली, एकच पुरे.

नथू आमचा शेजारचा शेतकरी. त्याचा मेथी-कोथिंबिरीचा मळा आमच्या कुंपणाला लागून, आणि ओढ्यावर त्याचं पाणी उपसायचं डिझेल इंजिन. ते इतकं जुनं होतं की सुरू करायला हँडल, दोरी आणि शिव्या असं तिन्ही लागायचं. नथूने इंजिन द्यायला आढेवेढे घेतले नाहीत. फक्त विचारलं, "सायेब, बिघाडलं तर?" मी म्हटलं, बिघडेल कसं? शुद्ध वनस्पतीचं तेल आहे. आयुर्वेदात सुद्धा आहे. आयुर्वेद का मध्ये आणला ते मला आजही सांगता येणार नाही.

आता थोडं शास्त्र. करंजाचं तेल जाड असतं, ते सरळ इंजिनात घातलं तर इंजिन गुदमरतं. त्यात मिथेनॉल नावाचं स्पिरिटसारखं द्रव घालून, गरम करून ढवळायचं. मग खाली ग्लिसरीन बसतं आणि वर पातळ इंधन येतं. पण हे आपणहून होत नाही, मध्ये कॅटॅलिस्ट लागतो, शाळेच्या पुस्तकातला उत्प्रेरक. सगळे त्यासाठी कॉस्टिक सोडा वापरतात. तो तेलात विरघळतो, धुऊन काढावा लागतो, आणि एका घाण्यानंतर गेला. मला करायचा होता घट्ट कॅटॅलिस्ट. आत टाकला, काम झालं, गाळून काढला, परत वापरला. हे मी नथूला त्याच्या भाषेत सांगितलं, की समज, दोन भावांची वाटणी होत नाहीये, सरपंच बांधावर येऊन उभा राहतो, वाटणी करून देतो आणि स्वतः एक इंच जमीन न घेता निघून जातो. तो सरपंच म्हणजे कॅटॅलिस्ट.

नथू म्हणाला, "आसा सरपंच आमच्याकडं तरी झाला न्हाई."

पहिला घाणा तरीही मी कॉस्टिकवरच काढला, नुसता हात बसावा म्हणून. बिया ओल्या होत्या, तेल आंबट झालं होतं, आणि पंधरा लिटर तेलाचा रात्रीतून साबण झाला. पिंपात काठी उभी राहत होती. नथूची थोरली भावजय लीलाबाई, गावातल्या महिला बचत गटाची अध्यक्ष, सकाळी येऊन वाकून बघून गेली आणि दुपारी पातेलं घेऊन आली. भांडी चांगली निघतात म्हणाली. मी तिला समजावून सांगितलं की हा साबण नसून फसलेलं इंधन आहे. ती म्हणाली, असू द्या, अजून एक पातेलं घेते.

घट्ट कॅटॅलिस्टसाठी मी निवडली अंड्याची टरफलं. टरफल भट्टीत लालबुंद भाजलं की त्याचा चुना होतो, कळीचा, आणि तो हे काम करतो. हे मी एका परदेशी मासिकात वाचलं होतं. त्या मासिकात पुढची अडचण लिहिलेली नव्हती. ती अशी की आम्ही कोकणस्थ, आमचे शेजारी अण्णासाहेब माळकरी, आणि आमच्या घरात आजवर आलेलं एकमेव अंडं म्हणजे पोरांच्या शाळेच्या प्रकल्पातलं, तेही थर्माकोलचं.

पिरंगुट चौकात एकनाथची अंडाभुर्जीची गाडी आहे. मी त्याला म्हटलं, टरफलं टाकू नकोस, मी नेईन. त्याने विचारलं, झाडाला घालताय का. मी म्हटलं, इंजिनाला. त्यानंतर तो माझ्याशी जरा सांभाळून बोलायला लागला. रोज संध्याकाळी कारखान्यातून सुटलं की मी स्कूटरच्या पुढ्यात टरफलांचं पोतं ठेवून प्लॉटवर जायचो, ओढ्यात टरफलं धुवायचो आणि अण्णासाहेबांच्या आणि आमच्या मधल्या भिंतीवर वाळत घालायचो. चौथ्या दिवशी अण्णासाहेबांनी कोथरूडला फोन केला. ते पाटबंधारे खात्यातून डेप्युटी इंजिनियर होऊन निवृत्त झाले आहेत, त्यामुळे मोजल्याशिवाय बोलत नाहीत. "उषावहिनी," ते म्हणाले, "मी विषय काढणार नव्हतो. पण दिवसाला चारशे अंडी माणसाला सोसत नाहीत."

मग पाऊस लागला. कळीच्या चुन्याला दमट हवा चालत नाही, तो ओल ओढून मरतो. आणि मुळशीत जुलै-ऑगस्टमध्ये हवा नसतेच, असतं ते सगळं पाणी, काही खाली पडत असतं आणि काही नुसतं उभं असतं. बाटलीत उत्तम चाललेला कॅटॅलिस्ट पिंपात टाकेपर्यंत थंड पडायचा. मी तो परत भाजायचो, परत मरायचा. शेवटी उषाच्या लोणच्याच्या बरण्या आणल्या, तोंडाला दादरा बांधला. एक घाणा अगदी जमत आला होता, पण त्याला हिंगाचा वास होता आणि चुना बघावा तर गायब. सगळा तेलात विरघळून बसला होता. नथू पिंपात बॅटरी मारून बघत म्हणाला, "सायेब, तुमचा सरपंच जिमीन घिऊन गेला की."

तेवढ्यात श्रावण लागला. एकनाथने भुर्जीची गाडी धुऊन त्यावर मक्याची कणसं लावली. मी त्याला विनवलं की निदान कारखान्यातल्या लोकांसाठी तरी चार अंडी फोड. तो म्हणाला, "साहेब, गिऱ्हाईकच नाय. तुम्ही खाता का?" माझ्यावर महिनाभर थांबायची पाळी आली. मी न थांबता भट्टी मोठी केली.

इथे माझा तोल थोडा गेला हे कबूल करायला हवं. मिथेनॉल वाया जाऊ नये, ते वाफ करून परत गोळा करावं, म्हणून मी एक काळं पिंप आणलं, त्याला वरून तांब्याची नळी बसवली, नळीला वेटोळी दिली आणि वेटोळी पाण्याच्या बादलीत सोडली. खाली जाळ. नळीच्या टोकाशी बाटली. शास्त्रीय दृष्टीने यात नाव ठेवायला काही जागा नव्हती. पण ओढ्याच्या काठाला, झाडांच्या आडोशाला, पत्र्याच्या शेडमध्ये हे असं दिसलं की मुळशीतल्या शेंबड्या पोरालाही वाटेल तेच सगळ्यांना वाटलं.

त्यातच परवाना. मिथेनॉल पोटात गेलं तर माणूस आंधळा होतो, मरतोही, म्हणून ते ठेवायला परवाना लागतो. परवान्याच्या कार्यालयातल्या कारकुनाकडे चार प्रकारचे अर्ज होते, ते चारही पिणाऱ्यांसाठी. त्याने त्यातला सगळ्यात छोटा निवडला. "पिणार कोण?" मी म्हटलं, इंजिन. त्याने लिहिलं, ग्राहकसंख्या एक. "बसण्याची व्यवस्था?" नाही. "सोबत खाद्यपदार्थ?" तिथे टरफलं आहेत असं मी म्हणालो, आणि त्याने डोकं न उचलता लिहिलं, अंडी. मग म्हणाला, ग्रामपंचायतीचा ना-हरकत आणा. आठ दिवसांनी पंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली की कोथरूडचे श्री. दिवेकर गावच्या हद्दीत अल्कोहोल व अंडी यांचा परवाना मागत आहेत, हरकती असल्यास कळवाव्यात.

हरकती होत्या. शेजारच्या गावातल्या बायकांनी वर्षापूर्वी मतदान घेऊन, आडव्या बाटलीवर शिक्के मारून, दारूचं दुकान बंद पाडलं होतं. आमच्या गावात दुकानच नसल्यामुळे लीलाबाईच्या गटाला तशी संधी मिळाली नव्हती. ती मी दिली. शाळेच्या ओट्यावर महिलांची ग्रामसभा भरली. दीडशे बायका, पंचायतीची चार माणसं, नथू आणि मी.

मी सोबत नमुन्याची बाटली नेली, तीच मोठी चूक. ती वर धरून मी शांतपणे सांगितलं की भगिनींनो, हे पिण्यासाठी नाही, हे कोणी प्यायलं तर जागच्या जागी आंधळं होईल. मागून एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी इखाची दारू काढतुया बाबा." तेव्हा नथू माझ्या बाजूने उठला. त्याने उठायला नको होतं. "सायेबाची दारू तसली न्हाई," तो म्हणाला. "म्या सोता वास घेतलाय. पिऊशी वाटतच न्हाई."

हरकतीच्या बाजूने दीडशे हात वर जायला लागले. मला समोर दसरा दिसत होता, त्यामागे पांढरे बूट. लीलाबाई मात्र माझ्याकडे बघत होती, आणि तिने हात वर केला नव्हता.

"सायेब," ती म्हणाली, "त्या भांड्याच्या साबणाचं पिंप ह्याच भट्टीतलं का?"

मी म्हटलं, हो. पण तो साबण नव्हता, ते फसलेलं—

"मंग ऱ्हाऊ द्या भट्टी," लीलाबाई सभेला म्हणाली. "पन ती इखाची बाटली माझ्या कुलपात ऱ्हाईल. लागंल तवा म्या मोजून दीन, आन काम संपस्तवर हितंच बसंन. फसलं ते गटाचं."

ठराव एकमताने पास झाला. मी फसणार याबद्दल सभेत दुमत नव्हतं, ही गोष्ट मला घरी आल्यावर लागली.

त्या दिवसापासून लीलाबाई शेडच्या दारात पाटावर बसायला लागली. श्रावण संपला, गणपती गेले, एकनाथची गाडी परत सुरू झाली, मी टरफलं भाजत होतो, टाकत होतो, आणि चुना तेलात जात होता. दसऱ्याला तीन आठवडे उरले. मी शेडमध्ये इकडून तिकडे फिरत होतो आणि फिरता फिरता मोठ्याने विचार करत होतो. लीलाबाई तंबाखू मळत होती. मळता मळता ती म्हणाली, "सुटा चुना टाकल्याव त्यो जानारच की. चुलीला माती लावताना भुस्सा का घालत्यात? धरून ऱ्हावं म्हून. कुंभाराची माती आना, त्यात चुना मळा, गोळं करा, आन मंग भाजा."

मी तिला आधारद्रव्यावरच्या कॅटॅलिस्टबद्दल दहा मिनिटं समजावून सांगितलं. ती म्हणाली, व्हय, त्येच म्हनत्येय. संध्याकाळी मी कुंभाराकडून माती आणली. माझ्या वहीत याची नोंद 'स्थानिक निरीक्षण' अशी आहे. गोळे लीलाबाईनेच वळले, कारण माझे भाजताना फुटत होते. बेसनाच्या लाडवांएवढे बावन्न गोळे. भाजून निघाले ते खणखणीत. पहिल्या घाण्याला सकाळी ग्लिसरीन खाली आणि वर सोनेरी, पातळ इंधन. गोळे काढले, भाजले, परत टाकले. परत तेच. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदाही तेच. मी नथूला मिठी मारली. लीलाबाईला नमस्कार केला. तिला मात्र वाईट वाटलं, कारण गटाच्या वाट्याला काही आलं नाही.

खंडेनवमीला सकाळी दहा वाजता परीक्षा. उषा कोथरूडहून घड्याळ, पाण्याची बाटली आणि घडीची खुर्ची घेऊन आली होती. अण्णासाहेबांनी इंजिनाच्या धुराबद्दल त्यांच्या खात्यात काय नियम होते ते सांगितलं. नथूने टाकीतलं उरलंसुरलं डिझेल काढून लीलाबाईच्या डोळ्यांदेखत माझं इंधन ओतलं, हँडल मारलं, शिव्या दिल्या. इंजिन दुसऱ्या शिवीला चालू झालं.

ते चाललं. धूर पांढुरका, वास तळलेल्या पुरीसारखा. दहा मिनिटं झाली, वीस झाली. पाणी मळ्यात धो धो पडत होतं. चाळीस मिनिटांना एकदा अडखळलं, पण परत लागलं. पंचावन्नला उषाने खुर्चीतून उठून घड्याळ हातात घेतलं. साठ मिनिटं झाली. एकसष्टाव्या मिनिटाला ती म्हणाली, "अहो, चाललं की हो." तिच्या चेहऱ्यावर दुःख दिसेल असं मला वाटलं होतं. ती चक्क हसत होती. इतक्या वर्षांत माझं काही तिने कौतुकाने बघितलेलं ते पहिलंच. मी हट्टाने इंजिन दोन तास चालवलं. बोललो होतो मी. संध्याकाळी शेखरला फोन करून नाही म्हणून टाकलं.

दसऱ्याला संध्याकाळी नथू आपट्याची पानं घेऊन कोथरूडला आला. तो पहिल्यांदाच आमच्याकडे येत होता. सोनं दिलं, पाया पडला, आणि बसला नाही.

"सायेब, राग मानू नगा," तो म्हणाला. "इंजिन बसलं."

झालं असं होतं की बायोडिझेल जुनी घाण विरघळवतं. हा त्याचा गुण आहे, मासिकात तसं कौतुकाने छापलेलंही आहे. नथूच्या टाकीत वीस वर्षांचा गाळ होता. माझ्या इंधनाने तो पहिल्या तासात सोडवला आणि दुसऱ्या तासात पंपात नेऊन बसवला, आणि बंद केल्यावर इंजिन परत लागलंच नाही. पौडचा मेस्त्री येऊन बघून गेला होता. तो पार्ट आता येत नाही म्हणाला.

मी म्हटलं, नथू, मी दुसरं इंजिन घेऊन देतो.

"नगं, सायेब. दोन वरसं झाली, पोरं म्हनत्यात इका, इका. म्या म्हनायचो, इंजिन चालतंय तवर मळा करीन. आता इंजिनच बसलं, मंग म्या बी बसलो. त्यो बुटवाला आज सकाळच्याला आला व्हता. तुमी न्हाई म्हनला म्हून माझ्याकडं आला. दिला मळा."

उषा शब्दाला पक्की आहे. तिने प्लॉटचं नाव काढलं नाही. तिने फक्त माझ्याकडे बघितलं, कारण ते तिच्या लक्षात माझ्या आधी आलं होतं. आमच्या प्लॉटला जायची वाट नथूच्या मळ्यातून होती. तोंडी. अकरा वर्षं आम्ही त्याच्या बांधावरून जात होतो आणि तो कधी काही बोलला नव्हता, म्हणून आम्हीही कधी काही लिहून घेतलं नव्हतं.

पंधरा दिवसांत शेखरने मळ्याला तारेचं कुंपण घातलं आणि पुण्याहून भुगावमार्गे येणाऱ्या लोकांसाठी प्लॉट विक्रीची पाटी लावली. लीलाबाईने बावन्न गोळे आधीच बाहेर काढून ठेवले होते, ते तिच्याकडे आहेत. मी वाटेसाठी तालुक्याला अर्ज केला. चार महिन्यांनी उत्तर आलं की स्थळपाहणीस जाण्यास रस्ता नसल्याने स्थळपाहणी होऊ शकली नाही.

प्लॉट अजून आमचाच आहे. रविवारी आम्ही अण्णासाहेबांच्या बाजूने भिंतीला शिडी लावून आत उतरतो. गवत भरपूर आहे. गेल्या रविवारी ती शिडी मोडली. तेव्हा वर मी होतो.